आधी पाणी, मग मासा

म्हसवडच्या घरात पुतण्यानं मांडलेली काचेची टाकी दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर आत पाणी बसतं सुमारे १०० लिटर. एवढ्या पाण्याचा समुद्र करायला साडेतीन किलो मीठ लागतं, कारण समुद्राच्या एका लिटरात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. खायचं मीठ इथं चालत नाही. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट हे सगळं ठरावीक प्रमाणात असतं, त्यामुळे मत्स्यालयासाठी बनवलेलं क्षारांचं मिश्रणच आणावं लागतं.

पुतण्या रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकला. आमच्या माणदेशातून गिरणीत आणि माथाडी कामाला मुंबईला गेलेल्या पिढीनं १९५१ साली उघडलेलं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं, पण तिथं समुद्र भिंतीपलीकडंच होता. इथं सरासरी पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, माणगंगा वर्षातले कित्येक महिने कोरडी, आणि बाजारात समुद्र यायचा तो सुकटीच्या नि बोंबलाच्या रूपात. टाकी पाहून शेजारच्या मावशींनी पहिल्याच दिवशी विचारलं, "आरं, प्यायला टँकर बघावा लागतो आन् माशाला पाणी कुठनं आणणार?" प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर पुतण्यानं बोलून दिलं नाही, हिशेब मांडून दिलं.

बोअरचं पाणी जड, त्यात आधीच नको ते क्षार. म्हणून ते आरओ यंत्रातून काढावं लागतं, आणि एक लिटर चांगल्या पाण्यामागं दोन-तीन लिटर बाहेर पडतं. त्यानं ते सगळं पिंपात धरलं. त्यावर भांडी निघाली, फरशी पुसली गेली, मोटारसायकल धुतली गेली. एकदा टाकी भरली की आठवड्याला लागतं दहा लिटर बदलायला, आणि रोज वर टाकायला थोडं.

पाणी साठवायला आजीनं माळ्यावरचा तांब्याचा हंडा काढून दिला, तो त्यानं हात जोडून परत ठेवला. "आज्जी, तांबं नको. कोळंबी, गोगलगाय, खेकडा, सगळे मरतील." पाण्यात तांब्याचा अंश थोडा जरी उतरला तरी या बिनकण्याच्या जिवांना तो विष ठरतो. पिंप, मग, नळी, सगळं प्लास्टिकचं.

खारं पाणी तयार झालं म्हणजे मासा सोडायचा, असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात टाकी पुढचे अनेक आठवडे रिकामीच दिसत राहिली, आणि माझ्या मते या सगळ्या कामातला खरा भाग तोच आहे. मासा पाण्यातच श्वास घेतो आणि पाण्यातच घाण सोडतो. त्या घाणीतून अमोनिया तयार होतो, आणि तो माशाच्या कल्ल्यांना जाळतो. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर, वाळूच्या कणांवर वस्ती करतात. नायट्रेट त्या मानानं सौम्य, ते पाणी बदलून काढता येतं. पण ही वस्ती जमायला चार ते सहा आठवडे जातात, कधी जास्तही, आणि जिवाणूंना सुरुवातीला काहीतरी खायला लागतं. पुतण्यानं बाजारातला चिमूटभर जवळा पातळ कापडात बांधून टाकीत सोडला. तो कुजला, अमोनिया झाला, जिवाणूंची सोय झाली. ज्या जवळ्याची आम्ही भाकरीबरोबर चटणी करतो, त्याच्यावर समुद्राचा पाया घातला गेला, हे मला फार आवडलं.

रोज संध्याकाळी तो काचेच्या नळीत पाणी घेऊन थेंब मोजून औषध टाकायचा. अमोनिया असेल तर पिवळ्याचा हिरवा रंग होतो, नायट्राइट असेल तर आकाशी पाणी जांभळं होतं. दोन्ही नळ्या मूळ रंगावर टिकल्या तेव्हा त्यानं जवळ्याची पुरचुंडी काढली, पाणी बदललं आणि पहिले रहिवासी आणले: काही गोगलगायी आणि शंखातले खेकडे. तोवर काचेवर तपकिरी शेवाळाचा थर आला होता, तो त्यांचं अन्न.

मग क्लाउनफिशची जोडी. त्यानं मुद्दाम हौदात जन्मलेले मासे मागवले. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेनं क्लाउनफिशची पैदास करण्याचं तंत्र बसवलेलं आहे. अशी पिल्लं मिळत असताना प्रवाळातून पकडलेला मासा घेऊ नये, असं मला ठामपणे वाटतं. जिवंत प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना तर वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. ते कुणी विकायला काढले तरी हात लावायचा नाही. क्लाउनफिशची सगळी पिल्लं नर म्हणून वाढतात आणि जोडीतला मोठा पुढं मादी होतो, म्हणून एक मोठा, एक लहान असे निवडले.

पिशव्या रात्रीच्या गाडीनं पुण्याहून थर्मोकोलच्या पेटीत आल्या. मला वाटलं होतं, पिशवीत टाकीचं पाणी हळूहळू तासन्‌तास मिसळायचं असेल. पुतण्या म्हणाला, "काका, लांबून आलेल्या माशाला तसं करायचं नाही." बंद पिशवीत माशाच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो, पाणी आम्लधर्मी होतं आणि त्यातला अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडतो आणि तोच अमोनिया विषारी व्हायला लागतो. त्यानं दुकानातल्या पाण्याचा खारटपणा आधीच फोनवर विचारून घेतला होता आणि वेगळ्या टबात तेवढंच खारं पाणी करून ठेवलं होतं. पिशवी तरंगत ठेवून तापमान जुळवलं, मासे जाळीनं उचलून टबात सोडले, पिशवीतलं पाणी फेकून दिलं. त्या टबात ते काही आठवडे राहिले. अंगावर पांढरे ठिपके आणणारा परजीवी मोठ्या टाकीत शिरला तर तिथून हटवणं अवघड, म्हणून ही सक्तीची वस्ती.

त्यानंतर एक लहान गोबी आणि सर्वांत शेवटी एक कोळंबी. बस्स. आलेला प्रत्येक पाहुणा टाकीकडं बघून म्हणतो, एवढी जागा आहे, अजून दहा मासे बसतील. मेंढरं किती पाळायची हे वाड्याच्या लांबी-रुंदीवर ठरत नाही, चारा-पाण्यावर ठरतं, हे माणदेशी माणसाला सांगावं लागत नाही. इथं चाऱ्याच्या जागी जिवाणू आहेत. ते जेवढी घाण पचवतील तेवढेच मासे. डॅमसेल दिसायला सुरेख आणि स्वस्त, पण ते इतरांना जगू देत नाहीत. निळा टँग फूटभर वाढतो. समुद्रफुलाला प्रखर प्रकाश आणि मुरलेली टाकी लागते, आणि क्लाउनफिश त्याच्यावाचून मजेत राहतो.

आमच्या कोरड्या हवेचा इथं वेगळाच अनुभव आला. पाणी उडतं, मीठ मागं राहतं. शंभरातले दहा लिटर उडाले तर साडेतीन किलो क्षार नव्वद लिटरात उरतात, म्हणजे लिटरमागं जवळपास ३९ ग्रॅम. समुद्री माशाच्या रक्तात समुद्राच्या सुमारे एक तृतीयांशच मीठ असतं. त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर झिरपतं, म्हणून तो सतत पाणी पितो आणि मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. खारटपणा वाढला की हे कष्ट वाढतात. म्हणून काचेवर पेनानं रेघ आहे आणि रोज रेघेपर्यंत गोडं पाणी टाकायचं, खारं नाही. पण हीच कोरडी हवा उन्हाळ्यात उपयोगी पडते. पृष्ठभागावर लहान पंखा लावला की बाष्पीभवनानं पाणी दोन-तीन अंश उतरतं. मुंबईच्या दमट हवेत पंखा एवढं काम करत नाही.

बदललेल्या दहा लिटरांत साडेतीनशे ग्रॅम मीठ असतं. ते पाणी शेवग्याच्या आळ्यात ओतायचं नाही, कुठल्याच मातीत नाही. गच्चीवर प्लास्टिकच्या घमेल्यात ते वाळतं आणि खाली उरलेला पांढरा थर खरवडून वेगळा ठेवला जातो. मार्चअखेर दोन गोष्टी करायच्या ठरल्यात: वीज गेली तर हवा देणारा बॅटरीचा पंप, आणि टंचाई लागण्याआधी चांगल्या पाण्याचं एक पिंप भरून झाकून ठेवणं. मावशींनी स्वतःच्या घरातलं जास्तीचं पिंप देऊ केलंय.