बुटाला नवा तळ

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

तळ गेला म्हणजे बूट गेला, असे आता आपण धरून चालतो. पूर्वी तसे नव्हते. तळ झिजायचा, तो बदलून घ्यायचा आणि बूट पुन्हा पायात चढवायचा, हा घरोघरचा शिरस्ता होता. हे काम कसे चालते, कोणत्या बुटाला ते करून घेण्यात अर्थ आहे आणि त्याचा हिशेब कसा मांडावा, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

निमित्त माझ्या मामांच्या बुटांचे. मामा फौजेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी तपकिरी चामड्याची, शिवलेल्या तळाची एक जोडी हौसेने घेतली होती. ती आता माझ्या पायात आली आहे. वरचे चामडे अजून मऊ आहे, पण उजव्या बुटाला चवड्याखाली रुपयाएवढे भोक पडले होते. बसस्टँडपासून कॉलेजपर्यंत रोज चालणाऱ्याला बेळगावच्या पावसाळ्यात असले भोक परवडत नाही. आणि तशीच नवी जोडी घ्यायची म्हटले तर फीच्या पैशांना हात लावावा लागतो.

चौकातल्या मामांनी (आमच्याकडे वडीलधाऱ्या कारागिराला मामाच म्हणतात) बूट हातात घेतला, उलटा केला, अंगठ्याने तळ दाबला आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "अट्टी होगेती, म्याल छलो ऐती." मग माझ्याकडे वळून मराठीत, "तळ गेलाय बाळा, वरचं झकास हाय." कन्नडात बुटाच्या तळाला 'अट्टे' असा स्वतंत्र शब्द आहे. मराठीत आपण पायालाही तळ म्हणतो, तळ्यालाही आणि भांड्यालाही; या बाबतीत कन्नड भाषा श्रीमंत, हे कबूल केले पाहिजे.

तळ बदलता येतो की नाही, हे तळ वरच्या भागाला कसा जोडला आहे त्यावर ठरते. उत्तम पद्धत पट्टीची. बुटाच्या कडेने चामड्याची एक अरुंद पट्टी फिरवलेली असते, तिला वेल्ट म्हणतात. वरचे चामडे आणि आतला तळ त्या पट्टीला एका शिवणीने जोडतात, आणि बाहेरचा तळ दुसऱ्या शिवणीने त्याच पट्टीला जोडतात. म्हणजे बाहेरची शिवण उसवली तरी बुटाचा सांगाडा जागच्या जागी राहतो. हे काम शतकानुशतके हातानेच होत असे; त्याचे यंत्र अमेरिकेत १८७० च्या दशकात पुढे आले. ज्या चार्ल्स गुडइयर यांनी रबर टिकाऊ करण्याची रीत शोधली, त्यांच्याच नावाच्या मुलाचे नाव या शिवणीला मिळाले. त्याआधी, १८५८ साली, लायमन ब्लेक या अमेरिकनाने दुसरे यंत्र केले होते. त्यात एकच शिवण आतल्या तळातून थेट बाहेरच्या तळात जाते. बूट हलका होतो, पण तळ हाताने बदलताना आत हात घालून टाके घेणे जिकिरीचे, आणि पाणी शिवणीवाटे आत येते.

तिसरा प्रकार म्हणजे ओतलेला किंवा नुसता चिकटवलेला तळ. एन.सी.सी.च्या मुलांच्या पायांतला डी.एम.एस. बूट पाहा. या तीन अक्षरांचा अर्थच असा की, रबरी तळ साच्यात थेट वरच्या चामड्यावर ओतला आहे. जुन्या फौजी बुटाला तळाशी लोखंडी खिळे आणि टाचेला नाल असे. ते पडले की पुन्हा ठोकता येत. ओतलेला तळ ओल्या मैदानावर अधिक उपयोगी, त्यात वाद नाही. पण तो झिजला की उसवायला शिवणच नसते. खरवडून वर दुसरा तळ चिकटवणारे लोक आहेत, परंतु ते काम फार दिवस टिकेल याची खात्री कोणी देत नाही.

आता चामड्याविषयी. बुटाचा वरचा भाग बहुधा क्रोमने कमावलेला असतो, म्हणून तो मऊ राहतो आणि हजार वेळा दुमडला तरी तडकत नाही. तळाला मात्र झाडाच्या सालीवर कमावलेले कातडे लागते. आपल्या भागात बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. कातडे पिशवीसारखे शिवून, त्यात सालीचा व हिरड्याचा अर्क भरून ते टांगून ठेवायचे, ही जुनी रीत. त्या अर्कातले तुरट द्रव्य कातड्याच्या तंतूंमध्ये जाऊन बसते आणि कातडे घट्ट, जाड व ताठ होते. अथणी, निपाणीकडे कोल्हापुरी चपला होतात त्यांचा तळही असल्याच चामड्याचा. कोल्हापुरी म्हणवणाऱ्या पुष्कळ चपला आपल्या बेळगाव जिल्ह्यात बनतात, हे आपल्याच विद्यार्थ्यांना ठाऊक नसते!

मामांनी प्रथम टाच उचकटली. टाच म्हणजे एकच तुकडा नसून चामड्याचे थरावर थर असतात, ते चिमट्याने सुटे केले. मग रापीच्या टोकाने शिवण कापत तळ सोडवला. आत बुचाच्या भुश्श्याचा थर होता, तो चवड्याच्या आकारात दबून पातळ झाला होता. तो खरवडून नवा भरला. कमानीखाली एक पोलादी पट्टी असते, ती गंजली आहे का ते पाहिले. दरम्यान नवे कातडे पाण्यात भिजत पडले होते. ते बाहेर काढून, जरा सुकू देऊन, ऐरणीवर हातोडीने कुटले. कुटण्याने तंतू दबतात आणि तळ उशिरा झिजतो. हे काम कंटाळवाणे आहे, म्हणून घाईच्या दुरुस्तीत प्रथम हेच गाळले जाते.

पुढे चिकटवणे. दोन्ही बाजूंना सोल्यूशन लावून ते लगेच जोडत नाहीत; बोटाला चिकटेनासे होईपर्यंत वाळू देतात आणि मग एकदाच नेमके बसवून ठोकतात. ओले असतानाच जोडले तर आतला द्रव उडून जायला वाट राहत नाही आणि जोड कच्चा राहतो. अर्थात सोल्यूशनचे काम तळ जागेवर धरण्यापुरतेच. खरी मदार शिवणीवर.

ती शिवण पाहण्यासारखी असते. तळाच्या कडेने आधी एक बारीक चर कापतात, म्हणजे दोरा त्यात बुडून राहतो आणि जमिनीला घासत नाही. मग मेण लावलेला दोरा. आरीच्या टोकाला खाच असते. आरी भोकातून पलीकडे जाते, खाचेत दोरा अडकवून परत येते, त्याचा फास होतो, त्या फासातून दोऱ्याचे दुसरे टोक ओवून दोन्हीकडून ताणायचे. प्रत्येक टाका असा स्वतंत्रपणे अडकलेला असल्यामुळे एक तुटला तरी शेजारचे सरसर उसवत नाहीत. पोत्याच्या तोंडाची शिवण एक टोक ओढताच कशी भराभर सुटते ते आठवा; इथे तसे होत नाही. मामा पट्टीतल्या जुन्या भोकांतूनच आरी घालत होते. नवी भोके पाडली की पट्टी टपाल तिकिटाच्या कडेसारखी होते आणि पुढच्या खेपेला तिथेच फाटते. कारागीर पारखायचा असेल तर जुनी भोके शोधण्याइतका धीर त्याच्यात आहे का, ते पाहावे.

दोन्ही बुटांना मिळून त्यांची अख्खी दुपार गेली. शेवटी टाचेचे थर चुकांनी ठोकले, कड रापीने तासली, काचेच्या तुकड्याने घासली, मेण चोळले.

आता वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून हिशेब. समजा, शिवलेल्या तळाचा बूट ३,००० रुपयांना घेतला, तळ दोन वर्षे चालला आणि नव्या तळाला ६०० रुपये पडले. दोनदा तळ बदलला तर सहा वर्षांत एकूण खर्च ४,२०० रुपये, म्हणजे वर्षाला ७००. उलट १,२०० रुपयांचा ओतीव तळाचा बूट वर्षभर टिकला तर वर्षाला १,२०० गेले. आकडे मी उदाहरणादाखल धरले आहेत; ज्याने त्याने आपले घालून पाहावेत. पण हिशेबाला एक खोट आहे. पहिले ३,००० एकदम हातात असावे लागतात. ज्याच्याकडे ते नाहीत तो दरवर्षी १,२०० देतो आणि एकूण जास्त मोजतो. स्वस्त वस्तू गरिबाला महाग पडते ती अशी, आणि याला त्याचा उधळेपणा म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही.

दुसरा प्रश्न मजुरीचा. ६०० पैकी कातडे, दोरा, सोल्यूशन, चुका यांचे पैसे वजा करा आणि उरलेल्या रकमेला लागलेल्या तासांनी भागा. शहरात पाच मिनिटे येऊन नळ बघून जाणाऱ्याला आपण मुकाट्याने पैसे देतो. इथे मात्र पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो. कारण उघड आहे, पण ते बोलायचे कोणी नाही. काम पायाशी, कातड्याशी, आणि करणारा रस्त्याच्या कडेला बसलेला. हरळय्यांची कथा आपल्या कन्नड विभागातल्या मित्रांना सांगायला नको. बाराव्या शतकातल्या या शरणांनी आणि त्यांच्या पत्नीने स्वतःच्या मांडीच्या कातड्याचे जोडे बसवण्णांसाठी केले, असे सांगतात. आणि ते पायात घालण्याची आपली योग्यता नाही, असे बसवण्णा म्हणाले. जयंतीच्या दिवशी आपण या कथेवर भाषणे ऐकतो आणि दुसऱ्या दिवशी पन्नास रुपये कमी करा म्हणतो. मामांचा मुलगा बारावी झाला आहे आणि दुकानात नोकरी शोधतो आहे. आरी त्याला येते. ती घेऊन बसायची त्याची इच्छा नाही. मी त्याच्या जागी असतो तर काय केले असते, हे मला सांगता येत नाही.

ज्यांना तळ घालून घ्यायचा आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. भोक पडेपर्यंत थांबू नये. अंगठ्याने दाबल्यावर चवड्याखाली तळ मऊ लागला की न्यावा. पट्टी झिजली तर काम दुप्पट वाढते. टाच तेवढी झिजली असेल तर टाचच बदलावी. चवडा गेला असून टाच चांगली असेल तर अर्धा तळ पुरतो. जून ते सप्टेंबर चालायचे असेल तर कातडी तळावर पातळ रबर लावून घ्यावे, कारण कातडे पाणी पिते. भिजलेला बूट चुलीजवळ ठेवू नये. ओले चामडे उष्णतेने आकसते आणि मग तडकते. आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवावा, कागद ओला झाला की बदलावा.

टाचेला लोखंडी नाल लावू का, असे मामा विचारतीलच. त्याने टाच दुप्पट चालते. मात्र ग्रंथालयाच्या फरशीवर पाय घसरतो, आणि मधल्या सुट्टीनंतर वर्गात गुपचूप मागच्या दाराने शिरायची सोय राहत नाही.