हरकत घ्यायला सातबारा लागत नाही

शहराच्या विकास आराखड्याचा विषय निघाला की गिरगावापासून लालबागपर्यंत एक आक्षेप हटकून कानी पडतो, आणि तो घेणारे गृहस्थ बहुधा सुशिक्षित असतात: गोराई-मनोरीची शेते हिरवी राहोत वा त्यांवर इमले चढोत, आम्हां चाळकऱ्यांनी कोणत्या नात्याने हरकत घ्यावी? ज्याच्या नावे सातबारा त्यानेच बोलावे! हाच न्याय लावायचा तर गिरगावात बोलायला कोणी उरणारच नाही, कारण मुंबई शहर जिल्ह्यात सातबारा नसतोच. येथे असते ते मालमत्ता पत्रक. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966, याच्या कलम 28 प्रमाणे मुदतीत आलेली कोणत्याही व्यक्तीची लेखी सूचना वा हरकत नियोजन समितीपुढे जाते. तीत स्थायी समितीचे तीन सदस्य व त्यांखेरीज नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ बसतात, आणि मालकी वा वहिवाट यांची अट कोठेही घातलेली नाही. हे किती वेळा सांगावे!

'सगळे आधीच ठरलेले असते' ही दुसरी तक्रार अगदीच निराधार नाही. तथापि फेब्रुवारी 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला मुंबईचा मसुदा हरकतींच्या भडिमारामुळे अवघ्या दोन महिन्यांत मुख्यमंत्र्यांच्या आदेशाने फेरतपासणीस गेला, सुधारित मसुदा मे 2016 मध्ये आला व शासनाची मंजुरी मे 2018 मध्ये मिळाली, एवढा इतिहास तरी आक्षेपकांनी ध्यानी घ्यावा. हरकतदारांचे सर्वच मान्य झाले असे मात्र नव्हे: 1991 च्या आराखड्यातील ना-विकास क्षेत्राचा काही भाग हरित व नैसर्गिक क्षेत्रांत राखला गेला, तर उरलेला 'विशेष विकास क्षेत्र' या नावाने परवडणाऱ्या घरांसाठी खुला झाला.

शेतीचा प्रश्न मुंबईला परका, हेही खरे नव्हे. दादर-माटुंग्याच्या ज्या वसाहतींत हे बोलले जाते, त्या 1898 साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने शेतांवरच वसविल्या. राहिली मालकीची धास्ती: हरित क्षेत्रात पडलेली जमीन सरकारजमा होत नाही. मालकी मालकाचीच राहते, बंधन येते ते वापरावर, आणि सार्वजनिक कामासाठीचे आरक्षण ही त्याहून निराळीच बाब. बिनशेतीची परवानगी मिळाल्याने क्षेत्र बदलत नाही: ती महसूल खात्याची बाब, क्षेत्र नियोजनाची.