टेरिअरला ‘बॉस’ व्हायचं नसतं

अंधेरी-बोरिवलीच्या वन बीएचकेमध्ये लॅब्रेडॉरपेक्षा आटोपशीर म्हणून जॅक रसेलसारखा टेरिअर येतो. वर्षभरात तो सोफ्यावरून उठवलं की गुरगुरतो, तोंडातली चप्पल सोडत नाही, लिफ्टमध्ये दुसऱ्या कुत्र्यावर धावून जातो. मग कुणीतरी सांगतं, ‘डोक्यावर बसलाय, उताणा पाडून दाबून धरा.’

या सल्ल्याचं मूळ लांडग्यांत आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणातून वर्चस्वाची कल्पना मांडली. डेव्हिड मेक यांच्या १९७०च्या पुस्तकाने ‘अल्फा’ हा शब्द घरोघरी नेला. पण मोकळ्या रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं, हे मेक यांनीच १९९९ मध्ये लिहिलं. सल्ला मात्र टिकून राहिला.

टेरिअरच्या हट्टाचं कारण वेगळं आहे. ‘टेरा’ म्हणजे लॅटिनमध्ये जमीन. बिळात शिरून कोल्ह्याला हुसकवायचं, उंदीर मारायचे, यासाठी माणसानेच ही कुत्री पिढ्यानपिढ्या निवडली. बिळात मालकाचा हुकूम पोहोचत नाही, निर्णय कुत्र्यालाच घ्यावा लागतो. माघार घेणारा तिथे कामाचा नव्हता. हा स्वभाव सोसायटीच्या आवारातल्या दहा मिनिटांच्या फेरीत जिरत नाही. त्यात घरच्यांनी तोंडातली वस्तू दर वेळी हिसकावली, की तो ती राखायला शिकतो.

दाबून धरल्याने काय होतं? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २००९च्या अभ्यासात १४० मालकांना विचारलं गेलं. उताणा दाबून धरण्याचा प्रयोग केलेल्यांपैकी ३१ टक्के जणांवर कुत्रा उलटला होता. गुरगुरण्याची शिक्षा करणं तर त्याहून घातक. ती पूर्वसूचना असते. ती बंद पाडली की कुत्रा न सांगता चावतो.

त्यापेक्षा हिसकावण्याऐवजी अदलाबदल करावी: चप्पल सोडली की चिकनचा तुकडा. सोफ्यावरून ढकलू नये, खाऊ दाखवून खाली बोलवावं. रोजच्या जेवणातला काही भाग जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवून शोधायला लावावा. नाकाचं काम त्याला दमवतं. शांत कुत्रा अचानक गुरगुरू लागला, तर ट्रेनरच्या आधी पशुवैद्यक गाठावा. कानाचं, दाताचं किंवा सांध्याचं दुखणं असू शकतं. आणि मुंबईत घुशींमागे धावणाऱ्या टेरिअरला लेप्टोची लस द्यायलाच हवी.

सार्वजनिक जागी जबाबदारी मालकाचीच. जुलै २०२५ मध्ये मानखुर्दला रिक्षात बसलेल्या मुलाला टेरिअर कुळातलाच पिटबुल चावला, तेव्हा पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो मालकावर. चावऱ्या कुत्र्याला लिफ्टमध्ये नेताना आखूड पट्टा आणि तोंडाला जाळी हवीच.

चावा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवावी, हळद-चुना लावू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. कुत्र्याला लस दिलेली आहे, म्हणून रेबीजच्या इंजेक्शनचा निर्णय घरच्या घरी घेऊ नये.