स्वस्ताईमागचे गणित

पुणे-सोलापूर महामार्गावरील कासुर्डीसारख्या (ता. दौंड) गावातला किराणा दुकानदार जो माल छापील किमतीच्या आसपास विकतो, त्याच मालावर ‘डी-मार्ट’ला सवलत कशी परवडते?

राधाकिशन दमाणी यांनी २००२ मध्ये मुंबईत पवई येथे या साखळीचे पहिले दालन उघडले. बहुतेक दालने मालकीच्या जागेत असल्याने भाड्याचा बोजा कमी असतो. पुरवठादारांची देणी लवकर चुकती केल्याने खरेदी स्वस्तात होते. नफा थोडा, पण मालाचा उठाव जलद. २०२४-२५ मध्ये उलाढाल सुमारे ५९ हजार कोटी रुपये झाली. निव्वळ नफा मात्र शंभर रुपयांमागे पाच रुपयांहूनही कमी होता.

केवळ सवलत पुरेशी नसते. चेन्नईच्या ‘सुभिक्षा’ साखळीची दुकाने सुमारे १६०० पर्यंत वाढली. पण कर्जाच्या आधारे केलेला विस्तार पेलला नाही आणि २००९ मध्ये ती बंद पडली.

गावच्या दुकानदाराचे बळ उधारीत आहे. पिकाचे पैसे येईपर्यंत थांबणारी वही मोठ्या दालनात नसते. मात्र तीच वही फुगली, की त्याचे भांडवलही अडकते. रोकड खेळती राहणे, हेच दोघांच्याही टिकाव धरण्याचे मर्म आहे.