सुई टोचून दुखणे कमी कसे होते?

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांसोबत १९३८ साली चीनला गेलेल्या पथकातील डॉ. बिजॉयकुमार बसू यांनी पुढे ॲक्युपंक्चर भारतात आणले.

पण सुईने वेदना शमावी कशी? ठेच लागली की आपण ती जागा चोळतो. स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशांना अडवतात, असे मेल्झॅक व वॉल यांनी १९६५मध्ये मांडले. सुईही असेच करत असावी. शिवाय मेंदूत एंडॉर्फिन ही अफूसारखी द्रव्ये स्रवतात. १९७७च्या एका प्रयोगात, अफूचा परिणाम रोखणारे नॅलोक्झोन देताच सुईने मिळालेला आराम ओसरला.

मात्र जुनाट पाठदुखी-गुडघेदुखीच्या चाचण्यांत खरी सुई लुटुपुटीच्या सुईपेक्षा थोडीच सरस ठरली. म्हणजे रुग्णाची अपेक्षाही काम करते. म्हणून दुखणे थांबले तरी त्याचे कारण डॉक्टरांकडून शोधून घ्यायलाच हवे.