एक छोटा फॉर्म, पावणेदोनशे रुग्णालये

मार्च 2020. ब्रिटनमधली रुग्णालये कोविडच्या रुग्णांनी भरू लागली होती आणि कोणते औषध लागू पडेल, हे कुणालाच ठाऊक नव्हते. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे यांनी ‘रिकव्हरी’ चाचणीचा आराखडा तयार केला आणि अवघ्या नऊ दिवसांत पहिला रुग्ण तीत दाखलही झाला. एरवी एवढ्या कामाला महिनोन्‌महिने लागतात.

वेग आला तो काटछाटीमुळे. पीपीई किट घालून वॉर्डात धावणाऱ्या डॉक्टरला लांबलचक कागदपत्रांसाठी वेळ कुठला? रुग्णाची संमती घेऊन ऑनलाइन फॉर्मात मोजकी माहिती भरली, की कोणाला कोणता उपचार द्यायचा हे संगणक यादृच्छिक पद्धतीने ठरवी. पुढची नोंद एकदाच: रुग्ण घरी गेल्यावर, दगावल्यावर किंवा 28 दिवसांनी. उरलेला बराच तपशील सरकारी आरोग्यसेवेच्या, म्हणजे एनएचएसच्या नोंदींतूनच मिळे.

16 जूनला डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा निकाल आला. 2,104 रुग्णांना हे औषध रोज 6 मिलिग्रॅम दिले होते. 4,321 जणांवर फक्त नेहमीचे उपचार झाले. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, ऑक्सिजनवरच्यांतले एक पंचमांशाने. ऑक्सिजनची गरजच नसलेल्यांना मात्र फायदा दिसला नाही. हा फरकही तितकाच मोलाचा, आणि पावणेदोनशे रुग्णालयांतल्या या एकाच चाचणीऐवजी लहानसहान, विखुरलेल्या चाचण्यांतून तो हाती लागणे अवघडच होते.

त्याच दिवशी ब्रिटनने हे जुने, स्वस्त स्टेरॉइड एनएचएसच्या कोविड उपचारांत वापरायला मंजुरी दिली.