कवीचे शब्द आणि मोझार्टची भर

चाल लावणाऱ्याने कवीच्या शब्दांत स्वतःचे शब्द घालावेत काय? भावगीतांच्या निमित्ताने आपणही हा वाद घालतो. ८ जून १७८५ रोजी मोझार्टने व्हिएन्ना येथे रचलेले ‘दास फाइलखन’ हे कंठ व पियानो यांसाठीचे गीत या संदर्भात ऐकण्यासारखे आहे.

कविता गटेची, तीन कडव्यांची. कुरणातील व्हायोलेटचे इवलेसे फूल गात येणाऱ्या मेंढपाळ-कन्येला पाहते. तिने खुडून क्षणभर उराशी धरावे म्हणून झुरते. तिचे लक्षच नसते. तिच्या पायाखाली चिरडताना, मरण तिच्याच पायी आले यातच ते धन्यता मानते.

सर्व कडव्यांना एकच चाल, हा त्या काळचा प्रघात. गटेलाही तोच प्रिय. मोझार्टने तो मोडला. आरंभी पियानो तिच्या हलक्या पावलांनी चालतो; दुसऱ्या कडव्यात स्वर उदास होतात; तिसऱ्यात तर गाणे जवळजवळ कथनच बनते. येथे गटे थांबतो, मोझार्टला मात्र थांबवत नाही. फुलासाठी हळहळीचा एक उद्गार तो पदरचा घालतो आणि लागलीच पहिल्या कडव्यातील कवीचीच ओळ पुन्हा आणतो.

मर्यादाभंग म्हणावा तर तो आहेच. परंतु मला तो क्षम्य वाटतो. गटेच्या कवितेत त्या फुलासाठी हळहळणारे कोणीच नव्हते. गटेच्या काव्यावर मोझार्टने रचलेले हे एकमेव गीत होय.